भूमिपूजनाचं जोडपं

"ओ पाव्हणं, ती झेंडी कुणाला इचारून रोवली?"

हरभऱ्यात उभा असलेला पँटवाला दचकलाच. दुर्बिणीवरचा डोळा काढून माझ्याकडे बघत राहिला. मेला दिसायला बरा होता, पण म्हणून आमचा हरभरा तुडवायचा?

"कंपनीची आहे," तो म्हणाला.

"झेंडी कंपनीची असंल. हरभरा माजा हाय."

तो हसला... आणि एक पाय उचलून तसाच उभा राहिला, कुठं टेकावा कळेना म्हणून. मलाही हसू आलं.

तो सोपान, लोणावळ्याचा. त्रेसष्ट साल होतं. आमच्या वराळ्याच्या माळावर जर्मन लोक पैसा घालून पंपांचा कारखाना काढणार होते, आणि माझ्या वडिलांनी, आबांनी, आमचा पड तुकडा त्यासाठी दिला होता. सोपान मोजणी करायचा, आणि त्यांच्या क्लाउस साहेबाचं इंग्रजी गावाला मराठीत सांगायचा. बांधावरून आमचं रोज वाजायचं. दुपारी मात्र मी आईच्या नकळत ठेचा लावून एक भाकरी त्याच्यासाठी जास्त न्यायची.

"लय तिखट हाय," मी सांगायची.

"भाकरी, की तुम्ही?"

"दोनी. झेपत नसंल तर ऱ्हाऊ द्या."

"मी कुठं नको म्हणालो?" एवढं बोलून गडी कानापर्यंत लाल. पुढचं काही बोलेल तर शपथ.

मार्गशीर्षात सोमाटण्याचं स्थळ आलं. रविवारी बघायला येणार, आबांना पसंत. मी सोपानला सांगितलं, तर त्यानं नुसती मान खाली घातली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साऱ्या गावाला साहेबाचं बोलणं समजावतो, आणि स्वतःचं बोलता येत नाही? घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू.

शुक्रवारी भूमिपूजन. भटजी म्हणाले, पूजेला जोडपंच बसायला हवं. साहेबाची बायको जर्मनीत, आणि मॅनेजरची मुंबईत तापानं पडलेली. मुहूर्त टळायला आला. तेवढ्यात साहेबाचा चेहरा खुलला. सोपानकडं आणि मग माझ्याकडं बोट दाखवून तो काहीतरी बोलला.

"काय म्हनतोय सायब?" आबांनी विचारलं.

"साहेब म्हणतात—" सोपान अडला.

"सांग की. त्याचाच पगार हाय न्हवं तुला?"

"म्हणतात, तू आणि तुझी बायको बसा. रोज भांडता, रोज ती भाकरी देते... त्यांना वाटतं, आमचं लग्न झालंय."

बायांनी तोंडाला पदर लावले. कमी पडणाऱ्या भाकरीचं कोडं आईला तिथल्या तिथं सुटलं.

"मग काय सांगनार तू त्यास्नी?" आबांचा आवाज चढला.

"अजून झालं नाही, असं सांगतो."

"अजून म्हंजी?"

सोपाननं माझ्याकडे बघितलं. "म्हणजे, आबा... मला चंपा आवडते. तुम्ही दिलीत तर जन्मभर जपीन. आधीच विचारायचं होतं, पण धीर होत नव्हता."

आबा वळले. "चंपे, तुजं काय?"

"सोमाटण्याला सांगावा धाडा," मी म्हणाले. "येऊ नका म्हनावं."

आबांनी टोपी सारखी केली. "आदी पूजा होऊ दे," म्हणाले, आणि आईला हाक मारून दोघं पाटावर बसले. जमीन त्यांचीच होती, भटजींनाही पटलं. उपरण्याची गाठ मारून घेताना आई माझ्याकडे बघून हसली, तेव्हा कळलं, जमलं.

साहेब गोंधळून पुन्हा काही विचारत होता.

"आता काय?" मी हळूच विचारलं.

"विचारतात, नवरा-बायको नाही, तर रोज भांडता कशाला?"

"मी मुद्दाम भांडायची," मी म्हणाले. "न भांडता तुमच्याशी बोलू कोन देनार हुतं मला?"

सोपाननं ते साहेबाला काही सांगितलं नाही. स्वतःजवळच ठेवलं.