पर्यायी उमेदवार

"हा रकाना कोरा कसा राहिला, आक्का?"

आमदारांनी हातातला कागद जेवणाच्या टेबलावर असा आपटला की पाण्याचा पेला कलंडला. पाणी पसरत पसरत त्या कागदाच्या कडेपर्यंत आलं, तरी कोणी जागचं हललं नाही. आक्का वाढता वाढता थांबली. उभ्या आयुष्यात या धाकट्या भावानं, बाबूनं, तिच्यावर आवाज चढवला नव्हता... आणि आज!

तासाभरापूर्वी छाननीत आमदारांचा उमेदवारी अर्ज बाद झाला होता. शपथपत्राच्या तिसऱ्या पानावर 'पत्नी व मुले सोडून उमेदवारावर अवलंबून असलेल्या इतर व्यक्ती' असा एक रकाना असतो. त्यात नाव लिहायचं, नाहीतर 'कोणी नाही' असं लिहायचं, पण काहीतरी लिहावंच लागतं. तो कोरा होता. विरोधात उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या वकिलानं नेमकं त्यावर बोट ठेवलं. मिरवणूक लांबल्यामुळे अर्ज शेवटच्या दहा मिनिटांत दाखल झालेला, त्यामुळे दुरुस्तीला वेळ उरलाच नव्हता. तीस वर्षांचं राजकारण एका रिकाम्या चौकोनात बुडालं!

"सहा निवडणुकांचे अर्ज तू भरलेस," आमदार म्हणाले, "कधी स्वल्पविराम चुकला नाही तुझा. मी डोळे मिटून सह्या करत आलो. आणि यंदाच बरी चूक झाली? तुझा स्वतःचा अर्ज मात्र मंजूर! झालं ना मनासारखं?"

आक्काचा अर्ज मंजूर झाला होता, हे खरंच होतं. मुख्य उमेदवाराचा अर्ज फेटाळला गेला तर पंचाईत नको, म्हणून पक्ष दर वेळी एक पर्यायी उमेदवार देतो. बाबू पक्षात आल्यापासून तो मान, मान कसला, ती हमाली आक्काच्या वाट्याला आली होती. गावभर तिला 'डमी आक्का' म्हणत. तीही हसून म्हणायची, "मी म्हणजे गाडीची स्टेपनी हो! मागे टांगून ठेवायची, लागली तर लागली."

आता लागली होती, आणि कोणालाही हसू येत नव्हतं.

दाराशी आमदारांची लेक उभी होती, चिमी. चेहरा पांढराफटक. ती काहीतरी बोलणार, तोच आक्का कडाडली, "चिमे, उभी काय राहिलीस? फडकं आण आधी! पाणी दिसत नाही का?"

पोरगी आत पळाली. मग आक्का खाली मान घालून म्हणाली, "माझ्याकडून राहून गेलं, बाबू."

"राहून गेलं!" भावजयीचा बांध फुटला. "तीस वर्षं या घरात राहिलात, इथलं खाल्लंत, प्यायलात... आम्ही कधी काही कमी केलं का हो तुम्हाला, आक्का? मग हे का केलंत?"

अगं बाई, काय बोलून गेलीस! खाल्लंत, प्यायलात! ते दोन शब्द आक्काच्या अंतःकरणात असे रुतले, की ती तशीच आपल्या खोलीत निघून गेली.

ज्या बाबूला तिनं आईच्या मागे हाताला धरून वाढवलं, तो अठ्ठाविसाव्या वर्षी अपक्ष उभा राहिला आणि तीनशे अकरा मतांनी पडला. तेव्हा मुख्याध्यापिकेची चालून आलेली जागा नाकारून ही बाई त्याच्या कचेरीत येऊन बसली. लग्नाचं एक स्थळ तर दोन वर्षं थांबलं होतं बिचारं! तिनं प्रत्येक वेळी सांगितलं, "एवढी निवडणूक होऊ दे." दुसऱ्यांदा बाबू पडला. तिसऱ्यांदा निवडून आला, चौथ्यांदाही आला, पाचव्यांदा आपटला, सहाव्यांदा पुन्हा आला... आणि कोणाच्या नळाला पाणी नाही, कोणाचा रस्ता खचलाय, कोणाला दवाखान्यात खाट मिळत नाही, ती सगळी पत्रं आक्काच्याच हातून गेली. तिला त्याचं दुःख नव्हतं. पण आज त्याच बाबूनं तिला चोर ठरवलं!

दार ढकलून चिमी आत आली आणि आत्याच्या मांडीवर कोसळली.

"आत्या, अर्ज मी भरला होता! मीच तुझ्या मागे लागले, मला एकदा भरू दे म्हणून. बाबांना निकालानंतर सांगू, मग कळेल त्यांना माझी वकिली, म्हणाले... मी आत्ता जाऊन सांगते सगळं!"

"खबरदार!" आक्कानं तिचे डोळे पुसले. "वकिलीची पाटी लावून तीन महिने झाले तुला. बापाचाच अर्ज बुडवला असं झालं, तर कुत्रं तरी विचारेल का गं तुला कोर्टात? माझं काय, माझे केस पांढरे झाले."

"पण तो रकाना मी विसरले नव्हते गं, मी तिथे..."

"ते काहीही असो. शपथ आहे तुला माझी."

संध्याकाळभर फोन वाजत राहिला. पक्षाच्या कचेरीतून एकच निरोप, "आक्का, आता तुम्हीच!" अर्ज मागे घ्यायची मुदत होती दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत. पलीकडच्या खोलीत बाबू येरझारा घालत होता. आक्का त्याची पावलं मोजत बसली. उभी राहिले तर जन्मभर तो म्हणेल, बहिणीनं माझी जागा बळकावली. माघार घेतली तर ठेकेदाराला रान मोकळं, पक्ष बुडाला, बाबूचं नाव बुडालं... इकडे आड, तिकडे विहीर! पण आड की विहीर, हे शेवटी तिचं तिलाच ठरवायचं होतं. जागा काय, पाच वर्षांनी पुन्हा येईल. भाऊ गेला तर कुठून आणायचा?

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता ती पायीच निघाली. निवडणूक कचेरीच्या पायऱ्या चढताना तिला दोनदा कठडा धरून उभं राहावं लागलं. आत पोचली तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"विचार केलात ना, बाई?" अधिकाऱ्यानं माघारीचा अर्ज तिच्यापुढे सरकवला. "एकदा दिलात की परत मिळायचा नाही."

"केलाय," आक्का म्हणाली. तिनं पेन कागदावर टेकवलं. पहिलं अक्षर उमटलं...

"आक्का! थांब!"

दारात बाबू उभा होता. घामानं चिंब, पायात दोन वेगवेगळ्या चपला, पाठीमागे रडून डोळे सुजलेली चिमी.

"सही करू नकोस. पोरीनं सगळं सांगितलं."

"शपथ घातली होती मी हिला!"

"मोडली मी!" चिमी हुंदका देत म्हणाली.

आमदार शेजारच्या खुर्चीत मटकन बसले.

"तुला माहीत आहे तो रकाना तिनं का सोडला? म्हणते, तिथे आत्याचं नाव लिहिलं तर आत्याला लागेल. 'कोणी नाही' लिहिलं तर आत्या कोणी नाही का? विचारून भरू म्हणून सोडला, आणि शेवटच्या घाईत राहिला. आक्का... तू इतकी वर्षं तिथे काय लिहीत होतीस?"

"'कोणी नाही'," आक्का म्हणाली. "खरंच होतं ते. मी तुझ्यावर अवलंबून नव्हते, बाबू. राबून खात होते."

"तू नव्हतीस गं... मी होतो! माझा एक तरी दिवस तुझ्यावाचून गेला का? पण उमेदवार कोणावर अवलंबून आहे, असा रकानाच नाही त्या मेल्या कागदात! आणि मी नालायक तुला विचारतो, झालं का मनासारखं!" त्यांनी भर कचेरीत, सगळ्या कारकुनांदेखत, तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "तुझी भावजय बाहेर गाडीत बसून रडतेय. आत यायला तोंड नाही म्हणते. मला मार, पण माघार घेऊ नकोस."

"ऊठ, वेड्या. लोक बघताहेत."

"बघू देत!"

आक्कानं त्याला खांद्याला धरून उठवलं. तिच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कालपासून कोंडून ठेवलेलं सगळं आता कुठे वाट फुटून बाहेर पडत होतं. ती कृतार्थ झाली होती, आणि त्याच वेळी भयंकर घाबरलीही होती. एक अक्षर उमटलेला तो कागद तिनं अधिकाऱ्याकडे परत सरकवला. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, आणखी पाच मिनिटं वाट पाहिली, आणि तीनच्या ठोक्याला दप्तर बांधून टाकलं.

आता सुटका नव्हती. बाहेर कार्यकर्त्यांचा गलका वाढत होता. सहा निवडणुका तिनं लढवल्या होत्या, पण दुसऱ्याच्या नावानं. स्वतःच्या नावानं साधं कुणाकडे काही मागितलं नव्हतं, मत तर दूरच!

"बाबू," ती लहान मुलीसारखी म्हणाली, "आणि मी पडले तर रे?"

आमदारांनी रुमालानं तिचं तोंड पुसलं, जसं ती त्यांचं पुसायची.

"मी तीनदा पडलोय, आक्का. तिन्ही वेळा तू दारात उभी होतीस, म्हणून घरी येता आलं. या वेळी दारात मी उभा राहीन."