शिट्टीची वाट

खोटं वाटत असेल तर वाटू दे. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय, माझ्या डोळ्यांदेखत.

जमैकातल्या आमच्या सेंट मेरी भागात उसाच्या मळ्यावरचं मालकाचं मोठं घर आहे. डागडुजी करून ते लोकांसाठी उघडलं, त्या रविवारची ही दुपार. गावकऱ्यांना जेवण फुकट. माझ्या बहिणीला, आयोनीला, सातवा महिना. खायचं नाव काढलं की बाई सगळ्यांच्या पुढे!

स्वयंपाकघर घरापासून लांब. मधे दगडी, अंधारी वाट. घर दाखवणारे व्हर्लीकाका तिथे थांबले.

"गुलाम इथूनच मालकाचं जेवण न्यायचे. सतत शिट्टी वाजवत, तसा हुकूमच होता. शिट्टी थांबली म्हणजे घास तोंडात गेला. मग तोंडाला लोखंडी पट्टी. इथून अन्न नेताना आम्ही आजही शिट्टी वाजवतो, पोरी."

"काका, मालक मेला, मातीत गेला. आता कुणाला भिता?" आयोनी हसली. तिने तळलेल्या केळ्यांचं ताट उचललं. "ताई, माझ्या वाटणीची तूच वाजव."

मला शिट्टी येते कुठे?

ती वाटेत शिरली. मी मागे. मधेच तिने एक काप तोंडात टाकला...

आणि पुढच्या अंधारातून शिट्टी आली.

हळू. दमलेली.

मग शिट्टी थांबली...

काहीच ऐकू येईना. अंगणातली गाणीसुद्धा.

ताट खाली पडलं. आयोनी वळली. घास आत, जबडा घट्ट मिटलेला, डोळे पांढरे. मी तिच्या ओठांत बोटं घालायला गेले...

ओठ थंडगार होते. लोखंडासारखे.

मी काकांना हाक मारली. व्हर्लीकाका शिट्टी वाजवतच धावत आले. तेव्हा कुठे तिचं तोंड उघडलं.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. पण आता आयोनी शिट्टी वाजवल्याशिवाय चुलीवरून टेबलापर्यंत वाटीही नेत नाही. "लेकीच्या तोंडात घास जायला हवा ना, ताई," म्हणते.

परवा ती लेकीसाठी मक्याची पेज नेत होती. मी वैतागले. "पुरे झालं गं आता!" म्हणत तिच्या ओठांवर हात दाबला.

शिट्टी थांबली नाही...

ती पाळण्यातून येत होती.

आम्ही दोघी जागच्या हललो नाही. थांबू नकोस, बाळा, थांबू नकोस, एवढंच मनात म्हणत होते.

हे सांगतानाही माझा कान तिकडेच आहे.