एका दाराचा तंबू

सिद्धांत, ती खिडकी लावून घे बाबा, डास आत यायला लागलेत. आणि निधी, तू जरा इकडे सरक, दाराची वाट अडवू नकोस. का ते सांगतो.

आमच्या मजल्यावर, समोरच्या घरात हरीश राहायचा. इथेच जर्मनीत, इंगोलश्टाटला, गाड्यांच्या दारांची रबरी सीलं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर. माणूस हुशार, पण डोक्यात एकच भुंगा: पाणी आत कुठून येईल. त्याच्याकडे गेलं की चहाच्या आधी खिडकीच्या फटी बघाव्या लागायच्या. त्याचा जिवलग मित्र मल्हार, मूळचा सावंतवाडीकडचा. त्याने रीतसर परीक्षा देऊन शिकारीचं लायसन्स, म्हणजे यागडशाइन, काढलं होतं. हरीश पक्का शाकाहारी. तरी मल्हारबरोबर रानात जायचा, कारण मल्हारची बायको ऊर्मिला सातव्या महिन्यात होती आणि तिने बजावलं होतं, "भावजी, ह्यांना एकटं सोडू नका." हरीशने शब्द दिला होता.

मागच्या खेपेला मल्हारने एक रानडुक्कर मारलं, तेव्हा त्याने टोपी काढली, घरून आणलेली फरच्या झाडाची एक डहाळी काढली आणि मेलेल्या जनावराच्या तोंडात ठेवली.

"हे काय?" हरीशने विचारलं.

"शेवटचा घास. इथली रीत आहे. आपल्याकडे तुळशीपत्र ठेवतात ना तोंडात, तसंच."

त्या खेपेला दोघं ओलेचिंब होऊन, डासांनी फोडून काढलेले असे परतले होते. डॅन्यूबच्या काठचं ते रान म्हणजे डासांचं माहेरघर. म्हणून या वेळी आधी तंबू घ्यायला गेले. दुहेरी कापडाचा हवा, यावर एकमत होतं. बाहेरचं कापड पावसाला, आतली बारीक जाळी डासांना. एकेरी कापडाला आपल्याच श्वासाचं पाणी धरतं आणि पहाटे अंगावर टपकतं. दारावरून मात्र दोघांची जुंपली.

"दोन दारांचा घेऊ," मल्हार म्हणाला. "रात्री उठायचं झालं तर काय एकमेकांना तुडवत जायचं?"

"आल्झो, म्हणजे बघ, प्रत्येक दार म्हणजे पाणी आत यायची एक वाट," हरीश म्हणाला. "पंधरा वर्षं मी हेच करतोय. एकच दार बस्स. तू दाराकडे झोप."

मल्हारने हात जोडले आणि एका दाराचा तंबू गाडीत पडला.

दोन हजार तेवीस सालच्या ऑगस्टमधला शेवटचा शनिवार. रानाच्या मालकाला विचारून तंबू लावला. संध्याकाळी मल्हार बंदूक घेऊन मचाणाकडे निघाला, म्हणाला अकरापर्यंत येतो. हरीशला मारणं बघवत नसे, तो तंबूतच थांबला. नवाला पाऊस लागला. अकरा वाजून गेले तरी तो आला नाही. फोन लावावा तर तिथे फुंकलोख, रेंजचा पत्ताच नाही. हरीश दोनदा टॉर्च घेऊन थोडं पुढे जाऊन आला. ऊर्मिलाला काय सांगायचं, हे एकच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

साडेबाराच्या सुमाराला चिखलात पावलं वाजली. चेन उघडली. मल्हार आत आला आणि काही न बोलता आपल्या जागी, हरीशकडे पाठ करून आडवा झाला.

"अरे, जीव टांगणीला लागला होता माझा. कुठे होतास?"

हरीशने मानेवरचा डास मारला.

"बरं, झोप. चेन लाव, डास येतायत."

चेन लागली. हरीशला इतकं सुटल्यासारखं वाटलं की त्याने पुढे काही विचारलंच नाही. टॉर्च बंद केला.

डास आत शिरलेच होते. कानाशी, मानेवर, पापणीवर. हरीश चापट्या मारून हैराण झाला. शेजारी मात्र एकही चापट वाजली नाही. मल्हार म्हणजे एका डासापायी घर डोक्यावर घेणारा माणूस. हरीशने टॉर्च लावला.

त्याच्या स्वतःच्या उशाशी जाळी बाहेरून डासांनी काळी झाली होती. वर, जाळीपलीकडच्या कापडाला श्वासाचे थेंब लटकत होते.

मल्हारच्या बाजूची जाळी स्वच्छ होती. वरचं कापड कोरडं.

डास कशाला येतात? श्वासाला. अंगातल्या उबेला...

हरीशने स्वतःचा श्वास रोखला. ऐकलं. पाऊस... पाऊस... बाकी काही नाही.

"मल्हार..."

पाठ हलली नाही.

हे इथे आहे. मग मल्हार कुठे आहे?

भीतीपेक्षा तो प्रश्न वाईट होता. दार पलीकडे. एकच दार. कापड फाडावं तर सुरी मल्हारच्या पट्ट्याला. हरीशने नखांनी ओरबाडलं. नखं मोडली, कापड नाही. तो तोंडात उशी धरून रडला. मग त्याने एक पाय पलीकडे टाकला.

हात टेकावाच लागला. खांद्यावर.

एवढ्या पावसातून आलेला खांदा... कोरडा होता.

चेन सापडेना... सापडली. अडकली... सुटली.

तो धावत सुटला. पाऊस आता झिरमिरत होता. मचाणाच्या शिडीची पायरी मोडलेली, खाली कोणी नाही. हाका मारल्या. ओ नाही. टॉर्च फिरवता फिरवता शेजारच्या नाल्यावर थांबला. एकाच जागी डासांचा थवा घोंगावत होता. फक्त तिथेच. म्हणजे तिथे श्वास होता. डासांकडे इतक्या मायेने कधी कोणी पाहिलं नसेल.

मल्हार लव्हाळ्यात छातीभर पाण्यात पडला होता. कमरेचं हाड मोडलेलं, तोंड डास चावून सुजलेलं. पण श्वास चालू होता. दातांत काहीतरी होतं. हरीशने ओढून काढलं.

फरची डहाळी.

नदीकाठच्या बांधावर चढल्यावर रेंज मिळाली, ॲम्ब्युलन्स आली, ऑपरेशन झालं. मल्हार वाचला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "पडलो तेव्हा कोणीतरी आलं होतं. वाकलं, टोपी काढली, माझी हनुवटी धरली. मला वाटलं तूच."

तीन दिवसांनी हरीश रानाच्या मालकाला घेऊन तंबू आणायला गेला. पळताना चेन उघडीच राहिली होती. ती आता लावलेली होती. मालकाने उघडली. मल्हारच्या अंथरुणावर एक सुरकुती नव्हती.

हरीशच्या उशीवर, तोंड येईल त्या जागी, फरची डहाळी ठेवलेली होती. त्या रानात सगळे विलो आणि पॉप्लर, फरचं झाड औषधालाही नाही. हरीशने ती उचलली. मोडलेल्या टोकाचा चीक अजून ओला होता.