उस्तादांचा हात

कागद हातातून सुटला तेव्हा मुंगी चवड्यांवर उभी होती, मान वर, एक डोळा मिटलेला. भर दुपारी वाचनालयाच्या दारात अशी उभी राहिलेली मुलगी पाहून येणारे-जाणारे तिला वळसा घालून आत जात होते. दारावरच्या कमानीत गॉथिक वळणाची अक्षरं कोरलेली होती. उंच, टोकदार, एकमेकांना खेटून उभी... आणि तिच्या हातात होता त्याच अक्षरांवरून कुणीतरी गिरवलेला पातळ कागद. सगळं जुळत होतं, फक्त लहान ‘जी’ जुळत नव्हता. कागदावरच्या ‘जी’च्या शेपटीत एक बारीक खाच होती. दगडात ती दिसेना. नीट बघावं म्हणून तिनं कागद आणखी उंच धरला आणि वाऱ्यानं तो अलगद काढून घेतला.

कमानीशेजारी लोखंडी परांची उभी केली होती. तिच्यावर बसून एक पाथरवट दगडाची फुटकी कड छिन्नीनं साफ करत होता. कागद थेट त्याच्या अंगावर जाऊन चिकटला. त्यानं तो गुडघ्यानं दाबून धरला, हात विजारीला पुसले, उचलला... आणि तसाच बघत बसला.

“खाली देता का जरा?” मुंगी म्हणाली.

तो बोटानं रेघ चाचपत राहिला.

“अहो, नाजूक आहे तो. फार हाताळू नका.”

“नाजूक आहे हे तुम्ही मला सांगताय?” आवाजात राग नव्हता. पण काहीतरी होतं. “हा तुमच्याकडे आला कसा?”

“इथल्याच संग्रहातून. उस्तादांचा आहे. दगडाचं काम करता म्हणजे नाव ऐकलं असेल तुम्ही.”

“ऐकलंय.” तो शिडी उतरू लागला. “वडील होते ते माझे.”

आठ महिने मुंगी या उस्तादांसोबत राहत होती म्हटलं तरी चाललं असतं. शहरातल्या जुन्या इमारतींवरची, पुलांवरची अक्षरं झिजून जाण्याआधी कागदावर उतरवून ठेवायची, हा त्या म्हाताऱ्या कारागिराचा चाळीस वर्षांचा नाद. ते वारल्यावर त्यांच्या पत्नीनं सगळे कागद वाचनालयाला दिले, आणि वाचनालयानं मुंगीच्या स्टुडिओला सांगितलं, यांचा फॉन्ट करा. मग एकेक अक्षर स्कॅन करायचं, पडद्यावर हत्तीएवढं मोठं करायचं, त्याच्या कडेनं एकेक बिंदू ठेवत जायचं आणि ते बिंदू वक्ररेषांनी जोडायचे. ती अशी बिंदूबिंदूनं चालायची म्हणूनच स्टुडिओत तिला मुंगी म्हणत. या चालण्यात तिला उस्तादांचा हात पाठ झाला होता. रेघ ओढताना श्वास कुठं धरलाय, कुठं सोडलाय, सगळं.

“तुम्हाला सांगू,” ती भानावर येऊन भरभर बोलू लागली, “आमच्या स्टुडिओत त्यांचा फॉन्ट करतोय. मोठी अक्षरं सुंदरच आहेत, पण लहान अक्षरं... ती शेवटच्या दोन वर्षांतली आहेत, कोपऱ्यात तारखा आहेत. त्या वयात इतका स्थिर हात! मी रोज बघते आणि रोज थक्क होते.”

पाथरवटानं मान खाली घातली. भुवयांवर दगडाची पांढरी धूळ बसली होती, तरी चेहरा उतरलेला दिसलाच.

“ती खाच काढून टाका,” तो म्हणाला. “कागदाखाली लाकडाची चीर आली होती. दगडात शेपटी अशी आहे.”

खिशातून त्यानं खडूचा चपटा तुकडा काढला आणि पायरीवर पडलेल्या एका फरशीच्या तुकड्यावर दोन फटक्यांत ‘जी’ काढला.

मुंगी वाकून बघू लागली, आणि वाकलेलीच राहिली.

रेघ सुरू होण्याआधी डावीकडे किंचित वर गेलेला, हुकासारखा एक आकडा होता. मोहरीएवढा. लहान अक्षरांत तो जिथं तिथं होता. सुरुवातीला तिनं तो चूक समजून पुसला होता, मग चुकलं म्हणून पुन्हा काढला होता... ‘ए’ला, ‘एम’ला, ‘एन’ला. जगात कुठंही तिनं तो ओळखला असता. आता तो ओल्या शाईसारखा ताजा तिच्यासमोर होता.

“हा तुमचा हात आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“लहान अक्षरं. ती उस्तादांनी नाही गिरवलेली. तुम्ही गिरवलीत.”

आता थिजायची पाळी त्याची होती. त्यानं फरशी उचलली, तळव्यानं अक्षर पुसून टाकलं, पण पुसून काय उपयोग? तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “कुणाला बोलू नका. विनंती समजा.”

मग पायरीवर बसून त्यानं सांगितलं. उस्तादांचा उजवा हात कापू लागला होता. आधी बोटं, मग मनगट. पेन्सिल धरली की रेघ थरथरायची. शहरात ज्या माणसाला लोक हातासाठी ओळखत, त्याचा हातच गेला. ते दार लावून खोलीत बसायचे. मुलगा इमारतींवरून कच्चे ठसे काढून आणायचा, शेजारी बसून त्यांवरून गिरवायचा आणि ते बोटानं दाखवायचे – इथं थांब, इथं सोड. बाहेर स्वयंपाकघरात आई समजत होती की आत नवरा काम करतोय.

“तिला कळू द्यायचं नाही, एवढं एकच वचन घेतलं होतं माझ्याकडून. गेले तेव्हाही तेच बोलले. तिनं या वाचनालयाला अभिमानानं सांगितलंय, आमचे हे शेवटच्या दिवसापर्यंत गिरवत होते. ती सत्तरीची आहे. आता मी तिला खोटं पाडू?”

मुंगीनं कुणाला न सांगण्याचा शब्द दिला आणि ती घरी गेली ती सुन्न होऊन. ताईनं विचारलं, “काय गं, भूत पाहिलंस का?” ती म्हणाली, “उलट झालंय. भूत समजत होते तो जिवंत निघालाय.” ताईला काही कळलं नाही, आणि शब्द दिलेला असल्यानं मुंगीला सांगता येईना. पण रात्रीचं जेवण होईपर्यंत ताई तिच्याकडे बघून हसत राहिली.

फॉन्टच्या प्रकाशनाच्या कार्यक्रमाला दहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पाथरवट स्टुडिओच्या दारात उभा राहिला. धूळ धुतलेली, केस ओले, हातात टोपी. “बाकीच्या खाचा दाखवायला आलो,” म्हणाला. खाचा दोनच होत्या. तरी तो चार वाजेपर्यंत बसला. पुढचे सहा दिवसही आला.

पडद्यावर स्वतःचं अक्षर एवढं मोठं झालेलं पाहून पहिल्या दिवशी तो खुर्चीतून मागं सरकला होता.

“हे सगळं तुम्ही पाहिलंय?”

“आठ महिने.”

“एवढ्या जवळून?”

“याहून जवळून. हा ‘आर’ काढताना तुम्हाला शिंक आली होती.”

तो बघतच राहिला. “शिंक नव्हती... आईनं दारावर थाप मारली होती.”

दोन अक्षरांमधलं अंतर ठरवायचं काम सुरू झालं तेव्हा तो आणखी चक्रावला. प्रत्येक जोडी वेगळी बघायची असते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

“म्हणजे ‘ए’ आणि ‘व्ही’ जरा जवळ, आणि ‘एम’ आणि ‘एन’ जरा दूर... हे ठरवतं कोण?”

“मी.”

“आणि त्यांना विचारत नाही?”

“ती बोलत नाहीत ना. नुसती शेजारी बसतात आणि वाट बघतात.”

“मग मी ‘एम’ दिसतो, जरा दूर बसवलेला,” तो पडद्याकडे बघत म्हणाला. मुंगीचा माऊस घसरला. तिनं एका जोडीतलं अंतर चुकून इतकं कमी केलं, की दोन अक्षरं एकमेकांत शिरली. तिनं घाईघाईनं ते पूर्ववत केलं, पण कान गरम व्हायचे ते झालेच.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी स्टुडिओच्या बाईंनी तिला बोलावलं. बाई म्हणजे मालकीण. बोलणं थोडं आणि सरळ. “फॉन्टच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर ओळ घालायची आहे. ‘उस्तादांनी अखेरपर्यंत स्वतःच्या हातानं गिरवलेली अक्षरं.’ बरोबर?”

मुंगीचं धाबं दणाणलं. हो म्हणावं तर आठ महिने जे पाहिलं ते नाकारायचं. नाही म्हणावं तर त्या पायरीवर दिलेला शब्द मोडायचा. “ओळ मी लिहिते,” ती म्हणाली, आणि दुपारभर एका वाक्यापुढं बसली.

पुस्तिका छापून आली. पाथरवटानं ती कार्यक्रमाच्या सकाळी उघडली आणि त्याचा चेहरा दगड झाला. पहिल्या पानावर लिहिलं होतं: ‘या अक्षरांमागे एका घराचा हात आहे.’

“तुम्ही शब्द दिला होता.”

“पाळलाय. खरं सांगितलं नाही. पण खोटंही लिहिलं नाही.”

“आई विचारेल. घराचा म्हणजे कुणाचा, म्हणेल. मग मी काय सांगू?” तो तिच्याकडे न बघता निघून गेला आणि सभागृहात सगळ्यात मागं जाऊन बसला. सात दिवसांचा सगळा हलकेपणा त्या एका पाठमोऱ्या चालण्यात संपला. मुंगीला वाटलं, एक ओळ लिहिली आणि माणूस गमावला.

भिंतीवर मोठ्या तक्त्यांवर पूर्ण वर्णमाला लावली होती. लोक बघत होते, टाळ्या झाल्या, बाई बोलल्या. मग उस्तादांच्या पत्नी तक्त्यांपाशी गेल्या. ठेंगण्या, ताठ, काठी नुसती शोभेला. मोठ्या अक्षरांपाशी थांबल्या, हात फिरवला. लहान अक्षरांपाशी त्याहून जास्त वेळ थांबल्या. हातात पुस्तिका उघडीच होती.

“ही ओळ कुणाची?”

“माझी,” मुंगी म्हणाली. मागच्या रांगेतून पाथरवट उठून पुढं येत होता.

“घराचा हात म्हणजे कुणाकुणाचा गं, पोरी?”

मुंगीनं पाथरवटाकडे पाहिलं. काय बोलणार?

“तुलाही सांगायची बंदी दिसतेय,” आई म्हणाल्या. “मोठी अक्षरं ह्यांची. लहान याची.” आणि काठी उचलून त्यांनी शेजारी येऊन पोचलेल्या मुलाकडे रोखली.

पाथरवटाला कुणी कानाखाली मारली असती तरी तो इतका हादरला नसता. “आई... तुला...”

“दोन वर्षं ह्यांच्या शर्टाची बटणं मी लावत होते. चहाचा कप अर्धाच भरत होते, सांडू नये म्हणून. ज्याला बटण लावता येत नाही तो आत बसून असली अक्षरं काढतो, असं मला वाटत असेल का? मी काही आंधळी नव्हते.”

“मग बोलली का नाहीस?”

“ते माझ्यापासून लपवत होते. लपवता येतंय एवढाच आनंद उरला होता त्यांना. तो मी कसा काढून घेऊ? आत यायच्या आधी मी दारावर थाप मारायचे, तुम्हाला जागा बदलायला वेळ मिळावा म्हणून.” त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसती पापण्यांची उघडझाप केली. “तिघं एका घरात राहिलो आणि तिघंही एकमेकांना सांभाळत बसलो. पुढच्या छपाईत दोन्ही नावं घाला, बाळ. ह्यांना राग येणार नाही. आला तर मी बघून घेईन.”

पाथरवट आईच्या खांद्याला धरून उभा होता. कोण कुणाला आधार देतंय, ते सांगता येत नव्हतं. मुंगी हळूच बाजूला झाली आणि बाहेर पायऱ्यांवर येऊन बसली.

बऱ्याच वेळानं तो आला. शेजारी बसला. मध्ये अंतर ठेवून.

“सकाळी वाईट बोललो मी.”

“फार नाही बोललात. चालतच गेलात.”

“ते जास्त वाईट.” तो बोटांकडे बघत राहिला. “दोन वर्षं दाराआड बसून गिरवलं. हे माझं आहे, असं एकदाही मनात आणू दिलं नाही मी. कुणी बघेल असं वाटलंच नव्हतं. आणि इकडे तुम्ही... आठ महिने माझ्याकडेच बघत होतात.”

“मला माहीत नव्हतं ना तुम्ही आहात ते.” मुंगीनं श्वास घेतला. आता थांबलं तर जन्मात बोलणं होणार नाही, हे तिला कळत होतं. “मी ताईला सांगितलं होतं, माझं एका हातावर प्रेम जडलंय आणि तो माणूस म्हातारा होऊन वारलाय. ती आठवडाभर हसत होती. मग तुम्ही परांचीवरून उतरलात. मी अजून सावरलेली नाही.”

सात दिवस तोंडाला तोंड देणारा माणूस, मुका होऊन बसला. कानांच्या पाळ्या तेवढ्या लालबुंद.

“काहीतरी बोला,” ती म्हणाली.

“काय बोलू? आज आईनं एक धक्का दिला, आता तुम्ही... माणसानं दिवसाला किती सहन करायचं?” त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग मधलं अंतर सोडून सरकून बसला, खांद्याला खांदा लागेपर्यंत. “मीही रोज खाचा दाखवायलाच येत होतो असं तुम्हाला वाटलं का?”

“पहिल्या दिवशी वाटलं होतं.”

“आणि दुसऱ्या?”

“दुसऱ्या दिवशी तुम्ही केस विंचरून आलात.”

तो हसला, आणि दगड धरून राठ झालेला तो हात पुढं आला. मुंगीनं तो दोन्ही हातांत घेतला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो तिला ऊबदार लागला.

“एक करा,” ती म्हणाली. “आता ‘तुम्ही’ म्हणणं सोडा.”

त्यानं घसा साफ केला. दोनदा ओठ उघडले, मिटले.

“तू...” तो म्हणाला, आणि पुढचं काही सुचेना म्हणून तेवढंच पुन्हा म्हणाला.