बोट लागण्याची तयारी

आंबेनळी घाटाच्या उतारावर एसटीने एक लांबलचक वळण घेतलं आणि ईराला कळलं, की आता आपलं काही खरं नाही.

मैत्रिणीच्या साखरपुड्याहून, महाबळेश्वरहून ती महाडला परत निघाली होती. खिडकीशी कुणी अनोळखी तरुण बसला होता. तिने तोंडावर ओढणी दाबून नुसतंच खिडकीकडे बोट दाखवलं. तो चटकन उठला… पण जागा बदलता बदलताच व्हायचं ते झालं. आणि सगळं त्याच्या बुटांवर.

ईराला वाटलं, इथेच घाटात उतरावं आणि पुढचं आयुष्य जंगलात काढावं.

त्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि शांतपणे म्हणाला, "मी गुरांचा डॉक्टर आहे. या बुटांनी याहून वाईट दिवस पाहिलेत."

रडू यायच्या बेतात असलेली ईरा हसली. पोलादपूर येईपर्यंत तिला कळलं होतं, की त्याचं नाव सार्थक, गाव कापडे, नोकरी पोलादपूरच्या गुरांच्या दवाखान्यात. आणि त्याला कळलं होतं ते तिने घरातही कुणाला सांगितलेलं नव्हतं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं म्हणून असेल, किंवा तो गालातल्या गालात हसत ऐकत होता म्हणून असेल.

गोष्ट अशी होती. ईराच्या आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस डिसेंबरात होता आणि पुण्याच्या भावाने, निषादने, चौघांसाठी मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलं होतं. आई सगळी नोकरी महाडच्या शाळेत भूगोल शिकवत आली होती. फळ्यावर तिने महासागर काढले होते, पण चहूकडे पाणीच पाणी आणि किनारा कुठेच नाही, असं एकदा उभं राहून बघायचं तिच्या मनात राहून गेलं होतं. आणि ईराला तर हल्ली बँकेत नोकरीला जाताना रिक्षासुद्धा लागायची. आपल्याला बोट लागणार हे आईला कळलं, तर ती पोरीच्या काळजीने सगळी सहलच रद्द करेल, याची ईराला खात्री होती.

"गोळी मिळते ना त्यावर?" तिने विचारलं.

"माणसांच्या डॉक्टरला विचारा. मी म्हशीच्या वजनाने डोस देईन." मग तो म्हणाला, "पण सराव करता येईल. दासगावला माझा मित्र आहे, राहुल. त्याची इंजिनाची होडी आहे. रविवारी येता?"

ईरा नाही म्हणणार होती. तिच्या तोंडून निघालं ते, "किती वाजता?"

मग रविवारमागून रविवार गेले. घरी ती दासगावला मैत्रिणीकडे जाते असं सांगायची. बाबांना, म्हणजे गंगाधररावांना, तेवढी चौकशी करायला वेळ नव्हता. ते पंचायत समितीतून निवृत्त झालेले. प्रत्येकाच्या आधार कार्डाच्या प्रती काढून, त्या वेगवेगळ्या रंगांच्या फायलींत लावून, पुन्हा त्या फायलींच्या प्रती काढण्यात ते गुंतले होते.

पहिल्या रविवारी होडी काठापासून सुटली न सुटली, तोच ईराने डोळे मिटले. सार्थकने ते उघडायला लावले. लांब बघा, पाण्याकडे नको, पलीकडच्या डोंगराकडे बघा, असं तो सांगत राहिला. घरच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी ती होडीत बसण्याआधी घ्यायला शिकली. भरल्या पोटी नाही, रिकाम्या पोटीही नाही, हेही शिकली. सार्थक मात्र होडीत कमीच बोलायचा. काठावर परतल्यावर चहा घेताना त्याची जीभ सुटायची. दवाखान्यात आलेल्या हट्टी बैलांच्या गोष्टी तो अशा रंगवून सांगायचा, की ईराचा चहा गार व्हायचा. तो बोलायचा आणि ती त्याच्या कपाळावर आलेल्या केसांकडे बघत राहायची… मग त्याने बघितलं, की घाईघाईने सावित्रीच्या खाडीकडे.

नोव्हेंबर संपता संपता राहुलने होडी पार खाली आंबेतकडे नेली. तिथे खाडी रुंद होते, त्या दिवशी वाराही होता. होडी चांगलीच हलू लागली आणि ईराच्या पोटात काहीच झालं नाही. तिने दोन्ही हात वर केले. आनंदाने सांगायला ती मागे वळली, तर सार्थक होडीच्या कडेवरून पाण्यात वाकलेला. चेहरा पांढराफटक.

राहुल सुकाणूशी बसून हसत होता. "त्याला काय नवीन नाय ताई. दर रविवारी गोळी खाऊन येतो. आज विसरला वाटतं."

"तुला बोट लागते?" ईरा त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

"पहिल्या रविवारपासून."

"मग येतोस कशाला?"

सार्थकने रुमालाने तोंड पुसलं. तिच्याकडे सरळ बघितलं. "तुला काय वाटतं, कशाला येत असेन?"

ईराला उत्तर माहीत होतं. पण ते बोलायचं कसं, ते सुचेना. राहुल ऐकत होता, इंजिन धडधडत होतं… आणि ती पलीकडच्या डोंगराकडे बघत राहिली. तशीच ती दासगावच्या काठाला उतरली. सराव तर संपला होता. पुढच्या रविवारी यायला आता कारण उरलं नव्हतं. त्याचा फोन आला नाही, आणि तिने हातात घेतलेला फोन दर वेळी खाली ठेवला.

त्यातच घरात निराळाच गोंधळ झाला. आईला सगळे कालिंदी म्हणत, पण ते सासरचं नाव. नोकरी लग्नाआधीची, त्यामुळे तिचं प्रत्येक कागदपत्र माहेरच्या नावाने होतं, ललिता. निषादने सवयीने तिकीट काढलं होतं कालिंदीच्या नावावर. कंपनीने कळवलं, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र लगेच द्या, नाहीतर या प्रवाशाला बोटीवर घेता येणार नाही. रंगीत फायली करणाऱ्या बाबांच्या नजरेतून नेमकं हेच सुटलं होतं. ते डोकं धरून बसले. आई म्हणाली, तुम्ही जाऊन या, पाणी काय, महाडात पावसाळ्यात दारापर्यंत येतंच. ती हसून बोलली, पण स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ईरा आईला घेऊन कोर्टात गेली. नोटरी तेजश्रीताईंनी मजकूर तयार ठेवला होता, फक्त ओळख पटवणारं कुणीतरी घरचं सोडून हवं होतं. आईच्या शाळेतल्या प्रियदर्शिनीबाई येणार होत्या, पण त्यांना उशीर होत होता. तेवढ्यात व्हरांड्यातून सार्थक येताना दिसला. कुठल्याशा मेलेल्या गाईच्या खटल्यात त्याची साक्ष होती. ईराला पाहून तो जागीच थांबला.

तेजश्रीताई त्याला ओळखत होत्या. त्यांनी हाक मारून विचारलं, "डॉक्टर, या बाईंना ओळखता का?"

सार्थकने आईकडे पाहिलं, मग ईराकडे. "नाही," तो म्हणाला. "पण ओळख व्हावी, अशी फार इच्छा आहे."

ईराचे कान तापले. आईने चष्मा सारखा केला. आधी त्याला न्याहाळलं, मग लेकीच्या लाल कानांना. "दासगावची मैत्रीण ती हीच का?" तिने विचारलं.

तेवढ्यात प्रियदर्शिनीबाई धापा टाकत आल्या. सही, शिक्का सगळं झालं. ईराने मागे वळून पाहिलं, तेव्हा सार्थकला आत पुकारलं होतं. तो हात हलवून निघून गेला.

सहल झाली, आणि छान झाली. बोटीवर चढताना दारावरच्या मुलीने 'ललिता' म्हणून नाव वाचलं, आणि बाबांनी तेच नाव मग सगळ्या सहलीत लावून धरलं. दर हाकेला आई नव्या नवरीसारखी लाजायची. बोट निषादला लागली. तो आडवा झाला आणि ईरा त्याला आल्याचे तुकडे नेऊन देत राहिली. दुसऱ्या सकाळी आईने तिला डेकवर ओढत नेलं. चहूकडे पाणी, किनारा कुठेच नाही. आई कठडा धरून उभी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

ईराने खिशातून फोन काढला. हे एका माणसाला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं… पण फोनला रेंज नव्हती. आईने ते पाहिलं. "गेल्यावर सांग," ती एवढंच म्हणाली. "पण सांग."

महाडला पोचल्यावर पहिल्याच सुट्टीला ईरा कापड्याच्या गाडीत बसली. भाताची शेतं कापून झाली होती, त्यांत वाल हिरवागार उभा होता. बांधावर सार्थकची आई प्रयागबाई शेंगा खुडत होती. तिने ईराला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू महाडची काय गो? जा, गोठ्यात हाय तो. गाय व्यायलीय."

सार्थक गुडघ्यांवर बसून वासराला कोरड्या पोत्याने पुसत होता. ईराला पाहून त्याचे हात थांबले.

"मला बोट लागली नाही," ती म्हणाली.

"चांगलं झालं."

"चांगलं नाही झालं. तिथे तू नव्हतास. जे जे बघत होते, ते तुला सांगायचं होतं… रोजचंच सांगायचंय, सार्थक. लग्न करशील माझ्याशी?"

त्याने पोतं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "लग्नानंतर फिरायला समुद्रावर नेणार असशील, तर आधीच सांगतो… मला बोट लागते."

"मी सांभाळीन."

तो हसला, उठला आणि हात धुवायचेही विसरून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "हो," तो म्हणाला. "शंभर वेळा हो. पण थांब, आधी आईला विचारायला हवं. कसं सांगू तिला?"

गोठ्याच्या कुडापलीकडे शेंगांची टोपली खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मला काय सांगू नको," प्रयागबाई म्हणाली. "मी ऐकलंय सगलं. हात धू आणि तिला घरात घेऊन ये."