ठोकल्याला उत्तर

रविवारी चर्च सुटलं की आमच्या पायऱ्यांवर बूट वाजायला लागतात. तोवर मी केल, म्हणजे कोबीसारखा हिरवा पाला, शिजत घातलेला असतो, त्यात सॉसेज सोडलेलं असतं आणि बिअरचे मग धुऊन उपडे घातलेले असतात. नगरभवनाखालचं हे तळघर, आमचं राट्सकेलर, गावची जुनी बिअरची खाणावळ, मी बरीच वर्षं नगरपालिकेकडून भाड्याने चालवते आहे. छत कमानीचं, भिंती हातभर जाड, भर दुपारीसुद्धा दिवे लावावे लागतात. वेझर नदीची ओल उन्हाळ्यातही टेबलांवरच्या चादरींना येते.

टोकाच्या भिंतीशी एक गोल टेबल आहे. ते नेहमीच्या मंडळींचं. बाकी तळघर रिकामं असलं तरी तिथे दुसरं कुणी बसत नाही. त्यांचे बाप तिथेच बसायचे, म्हणून हेही बसतात. त्यात औषधांच्या दुकानाचे फोल्कर्ट, दोन-तीन नगरसेवक आणि मुख्य म्हणजे डेटलेफ ब्रोकहोफ. नगरपालिकेत त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. माझा भाडेकरारही त्यांच्याच सहीने होतो.

आमच्याकडे त्या टेबलाशी आलेला माणूस प्रत्येकाशी हात मिळवत बसत नाही. मूठ वळतो, दोनदा लाकडावर ठोकतो, बसलेले सगळे दोनदा ठोकून उत्तर देतात. झाला नमस्कार. ब्रोकहोफ नेहमी शेवटी यायचे आणि घाईघाईने ठोकायचे, टकटक.

आणि त्यांच्यानंतर भिंत ठोकायची.

दोन ठोके, मग जरा थांबून एक. टेबलाच्या मागच्या भिंतीतून, माणसाच्या छातीच्या उंचीवरून. मंडळी हसायची, सगळी मिळून टेबलावर दोनदा ठोकायची आणि बिअर मागवायची. बाहेरगावच्या पाहुण्यांना याची मोठी मौज वाटायची. मला सांगितलं होतं की ते हीटरचे पाइप आहेत, आणि मी ते मानलंही होतं. मग एका जूनमध्ये हीटर बंद असताना ठोके आले. मी प्लंबरला बोलावलं. त्याने भिंतीला कान लावला, आराखडा पाहिला आणि म्हणाला, "बाई, इथून पाइप जातच नाही."

मी ते ब्रोकहोफना सांगितलं.

"मग उंदीर असतील," ते म्हणाले.

"उंदीर दोनदा ठोकून, थांबून, परत एकदा ठोकतात?"

"आपल्या गावचे उंदीर आहेत इम्के, शिस्तीचेच असणार." टेबल खदखदून हसलं. "आणि ठोकल्याला उत्तर न देणं बरं दिसत नाही. आमच्या बाबांची शिकवण आहे."

माझी आई, गेझिने, या तळघरात कधी उतरली नव्हती. मी ते चालवायला घेतलं तेव्हा ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. कारण एकच सांगायची, तिथे गार असतं. तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी हट्टच धरला. वृद्धाश्रमातून गाडीने आणलं, खांद्यावर शाल दिली, लाल कोबी आणि तिच्या आवडीचा भाजलेला बटाटा वाढला. रविवार होता. मंडळी जमलेली होती. ब्रोकहोफ आले, टेबलावर ठोकलं. मग भिंतीने ठोकलं.

आईने काटा खाली ठेवला.

"बाबा आहेत," ती म्हणाली. "दार उघडा कुणीतरी."

मंडळींनी हसत टेबलावर ठोकलं. आई काठी टेकत उठली आणि थेट त्यांच्यापाशी गेली.

"डेटलेफ, तुझा बाप असाच ठोकायचा. याच खुर्चीत बसून."

"गेझिनेबाई, बसा. केक मागवू का तुमच्यासाठी?"

"केक घाल तुझ्या बापाच्या थडग्यावर," आई म्हणाली.

त्या दिवशी परत जाताना गाडीत तिने मला सगळं सांगितलं. युद्धाचे शेवटचे दिवस होते आणि इंग्रजांचे रणगाडे पुलापलीकडे आले होते. हे तळघर तेव्हा माझे आजोबा हिन्रिख चालवत. गावावर तोफगोळे पडू नयेत म्हणून त्यांनी याच टेबलावरची पांढरी चादर नगरभवनाच्या खिडकीतून बाहेर सोडली. ब्रोकहोफचा बाप तेव्हा नगरभवनाचा कारकून. त्याने आजोबांना गद्दार म्हणून टेबलामागच्याच, चोरांना ठेवायच्या कोठडीत कोंडलं, किल्ली खिशात टाकली आणि येऊन टेबलावर बसला. आजीला बिअर वाढायला लावलं. सहा वर्षांची आई आजीच्या झग्याला धरून उभी होती. आजोबा आतून ठोकायला लागले, दोन आणि थांबून एक. घरी आले की ते तसंच ठोकायचे, म्हणजे आई धावत जाऊन कडी काढायची.

"आणि हे लोक हसून परत ठोकायचे," आई म्हणाली. "तो ठोकायचा, हे ठोकायचे. मी ओरडायला गेले तर तुझ्या आजीने माझ्या तोंडावर हात ठेवला. तो हात आजवर तिथेच होता बघ."

रणगाडे आत शिरले तशी मंडळी पांगली. कोठडी कुणी उघडली नाही. आतला माणूस बाहेर येऊन बोलला तर आपलं काय, ही भीती. आठवड्याच्या आत त्या दाराच्या जागी विटा बसल्या आणि हिन्रिख इंग्रजांबरोबर पळून गेला अशी आवई उठली. आजी ती आवई ऐकत ऐकतच मेली.

मी दुसऱ्या दिवशी वर ब्रोकहोफच्या कचेरीत गेले. म्हटलं, ती भिंत उघडा, माझ्या आईला तिच्या बापाला पुरायचंय.

"इम्के, ती ऐतिहासिक वास्तू आहे. एका विटेलाही हात लावता येणार नाही."

"मधल्या विटांचा रंग वेगळा आहे. तो तुकडा तुमच्या वडिलांनी बांधून घेतलाय."

"पुरावा?"

"माझी आई."

"सहा वर्षांची पोर होती ती." त्यांनी चष्मा पुसला. "तुझा करार यंदा संपतो ना? भिंतीला ओरखडा जरी दिसला तरी तो त्याच दिवशी संपेल, आणि खटला वेगळा."

मला तेव्हा रडू आलं नाही. डोक्यात जाळ झाला. भिंतीतल्या ठोक्यांची मला भीती कधीच वाटली नव्हती, पण त्या उत्तराचा, दर रविवारच्या त्या हसऱ्या उत्तराचा आता संताप आला. त्यांना माहीत होतं. बापांनी पोरांना सांगितलेलं होतं. पाइप म्हणे.

आई आता रोज फोनवर एकच विचारायची, "उघडलीस का भिंत?" तिच्या छातीत पाणी भरत चाललं होतं. डॉक्टर नाताळाच्या पुढचं काही बोलत नव्हते.

पुढच्या रविवारी मंडळी जमली. भिंतीने ठोकलं, दोन आणि एक. त्यांच्या मुठी वर गेल्या, तशी मी मधे शिरले आणि भिंतीवर तळवा ठेवला. ती गार नव्हती.

"आजोबा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "या बाहेर. यांच्यातल्या कुणाला तरी बसू दे आत."

कुणी हसलं नाही. फोल्कर्टांनी मूठ खाली घेतली. मग ब्रोकहोफ म्हणाले, "इम्के, बिअर गरम होतेय."

त्यानंतरच्या रविवारी ते नेहमीसारखे शेवटी आले. मूठ वळून टेबलावर ठोकलं.

आवाज आला नाही.

त्यांनी परत ठोकलं, जोराने. मूठ लाकडावर आपटलेली मी डोळ्यांनी पाहिली. सांधे लाल झाले. लाकूड मुकं.

आवाज भिंतीतून आला. टकटक. घाईघाईने.

"आज म्हातारा लवकर उठला," फोल्कर्ट म्हणाले आणि सगळ्यांनी दोनदा ठोकून उत्तर दिलं. ब्रोकहोफ आपल्या हाताकडे बघत राहिले. ते काहीतरी बोलले, पण मला शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं तसं ऐकू आलं. बिअर अर्धी टाकून ते गेले.

त्यापुढच्या रविवारी त्यांचा कोट खुंटीवर होता. बर्फाने ओला. येताना त्यांना कुणी पाहिलं नाही. खुर्ची रिकामीच राहिली.

"वरती गेले असतील," फोल्कर्ट म्हणाले. "येतील."

मग ठोके सुरू झाले. टकटक, टकटक, टकटक. थांबेचनात. मंडळी आधी हसली, त्यांनी टेबलावर ठोकलं, परत ठोकलं, मग कंटाळून पत्ते काढले.

"पाइप नवीन घाला आता," एकजण म्हणाला.

संध्याकाळी मी वृद्धाश्रमात गेले. आई उशीला टेकून पावाला लोणी लावत होती. तिने मला काही विचारलं नाही. खाटेजवळच्या खुर्चीवर पांढरी भुकटी सांडली होती. मी बोट लावलं. चुना होता.

"पुसू नकोस," आई म्हणाली. "बाबा बसले होते. फार भूक लागली होती त्यांना."

मी खाली बसले.

"आणि इम्के, ती भिंत आता उघडू नकोस."

ती त्याच आठवड्यात झोपेत गेली. चेहरा शांत होता.

पोलीस आले, कोट घेऊन गेले. ब्रोकहोफबाईंना मी कॉफी दिली. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "हा कसला आवाज?" फोल्कर्टांनीच सांगितलं, पाइप आहेत म्हणून.

आज रविवार. केल शिजला आहे, मंडळी बसली आहेत. भिंतीतले ठोके आता फार हळू येतात, मधे बराच वेळ जातो. आज कुणाचं लक्ष गेलं नाही, पत्ते चालू होते.

मी हात पुसले. टेबलापाशी गेले, मूठ वळली आणि दोनदा ठोकलं.