न लागलेला मनोरा

सोहेलचा पतंग शेवटच्या मनोऱ्याच्या बाजूने अलगद निघाला. मध्ये चांगलं बोटभर आकाश दिसत होतं. तरीही पडद्यावर अक्षरं आली : पतंग कटला.

“लागलाच नव्हता,” सोहेल म्हणाला.

“संगणक खोटं बोलतो का?” शलाका म्हणाली. “हरलास की रडतोस.”

खेळ तिनेच बनवला होता. चंद्रावरच्या वस्तीत वारा नाही, म्हणून पतंग पडद्यावरच उडवायचे. सोहेल उठून गेला. आजच्या यानाने तो कायमचा पृथ्वीवर जाणार होता.

“नाना, तुम्हीच सांगा त्याला,” शलाका आजोबांना म्हणाली. वस्तीतल्या यंत्रमानवांना न धडकता चालायला नानांनीच शिकवलं होतं.

“आधी तुझा संगणक काय पाहतो ते बघू,” म्हणत त्यांनी एक कळ दाबली.

पतंग नाहीसा झाला. मनोरे गेले, आकाशही गेलं. काळ्या पडद्यावर उरले नुसते हिरवे चौकोन.

शलाका पडद्यावर वाकली. “माझी चित्रं कुठायत?”

“ती त्याने कधी पाहिलीच नाहीत. चित्रं आपल्यासाठी. टक्कर ठरते आघात-आकारावरून, म्हणजे वस्तूभोवतीच्या न दिसणाऱ्या आकृतीवरून.”

“पण मी तर आकार काढलाच नव्हता.”

“म्हणून प्रणालीने आपणहून चौकोन टाकला. पतंग तिरपा, शेपटी लांब. चौकोनाचे कोपरे रिकामेच राहिले. त्यातला एक मनोऱ्याला लागला.”

शलाका कळफलकाकडे वळली. तिने घाईघाईने ‘काठाकाठाने आखा’ ही कळ दाबली. शेपटीच्या झिरमिळ्यांभोवती टोकंच टोकं उमटली आणि पतंग अडखळायला लागला.

“एवढी टोकं क्षणोक्षणी तपासायची म्हणजे त्याला धाप लागणारच,” नाना हसले. “आणि शेपटी घासली म्हणून आम्ही पृथ्वीवर कधी पतंग कटला म्हणत नव्हतो.”

तिने शेपटी वगळली. पतंगाची फक्त चार टोकं ठेवली. मघाचा डाव पुन्हा लावला. सोहेलचा पतंग मनोऱ्याजवळून सरळ पार झाला.

तिने यानाशी संपर्क साधला. पलीकडे इंजिनाची घरघर सुरू झाली होती.

“सोहेल, लागला नव्हता. तू जिंकलास.”

घरघरीतून सोहेलचा आवाज आला.

“मग आता रडतंय कोण?”

“मी,” शलाका म्हणाली, आणि ते खरं होतं.

“सुट्टीत पृथ्वीवर ये. खऱ्या वाऱ्यात उडवू. तिथे चौकोन नसतात.”